जांभ्या दगडातील रसायनशास्त्र : चंदगडच्या सड्यावरून एक पाठ

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बेळगाव आणि सिंधुदुर्गाच्या सीमांना लागून चंदगड तालुका वसलेला आहे. काजूच्या बागा, ताम्रपर्णीचे खोरे, पारगडासारखे किल्ले आणि मुसळधार पाऊस ही त्याची परिचित ओळख होय. त्याच्या पश्चिमेकडील सड्यांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवर, तांबूस जांभ्या दगडाचे थर आढळतात व त्यांच्यातच ठिकठिकाणी बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज सापडते. कासारसडा परिसरातील खाणी याच खनिजाच्या होत. शेजारच्या बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार करणारा कारखाना आहे.

खाणीतून निघालेल्या मालावर शासनाला स्वामित्वधन मिळते आणि त्याच्या प्रमाणात खाणबाधित भागासाठी जिल्ह्याच्या निधीत रक्कम जमा होते. हा हिशेब ज्या आकड्यावर उभा आहे, तो कोणत्याही अधिसूचनेने ठरविलेला नसून शाळेतील आवर्तसारणीतून निघतो. तो कसा निघतो हे पाहिले असता रसायनशास्त्राची बहुतेक मूलतत्त्वे ओघानेच समजतात.

प्रथम दगड हातात घ्यावा. त्यात तांबडे, पिवळट, पांढुरके असे ठिपके दिसतात, कारण तो एकच पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. मिश्रणातील घटकांचे प्रमाण दर खड्ड्यागणिक बदलते. तांबडा भाग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचा व फिकट भाग ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचा असतो. ही संयुगे होत. संयुगातील प्रमाण मात्र ठरलेले असते; ते चंदगडात एक आणि फ्रान्समध्ये दुसरे असे होत नाही. संयुगाचे आणखी विघटन केल्यास लोह, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, हायड्रोजन ही मूलद्रव्ये हाती येतात. आज अशी ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत.

मूलद्रव्याचा रासायनिक गुणधर्म टिकवून धरणारा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे केंद्र व त्याभोवती इलेक्ट्रॉन अशी त्याची रचना असते. प्रोटॉनांची संख्या हा अणूचा ओळखक्रमांकच समजावा. तिला अणुअंक म्हणतात. तेरा प्रोटॉन असतील तर तो अणू ॲल्युमिनियमचाच. चौदा झाले की सिलिकॉन, सव्वीस असतील तर लोह. अणूचा लहानपणा शब्दांत सांगणे अवघड आहे. २७ ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये, म्हणजे घरातील एखाद्या हलक्या वाटीत, सहावर तेवीस शून्ये मांडावीत इतके अणू असतात.

मूलद्रव्ये अणुअंकाच्या चढत्या क्रमाने मांडली असता ठरावीक अंतराने सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये पुन्हा येतात. हीच आवर्तसारणी. अनेक वर्गांत ती तोंडपाठ करून घेतली जाते व परीक्षेनंतर विसरली जाते. वस्तुतः ती पाठ करण्यापेक्षा वाचण्याची वस्तू आहे, आणि चंदगडचा सडा तिचे उत्तम वाचन करून दाखवितो. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सिलिकॉन, लोह, ॲल्युमिनियम असे सर्व काही होते. लाखो पावसाळे त्यावरून गेले. सारणीच्या डाव्या कडेची, पहिल्या व दुसऱ्या गणांतील मूलद्रव्ये पाण्याबरोबर सहज वाहून गेली; सिलिकाही हळूहळू झिजली. पाण्याला दाद न देणारी लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे तेवढी मागे राहिली. जांभा म्हणजे पावसाने केलेले रासायनिक पृथक्करणच आहे.

लोह आणि ॲल्युमिनियम वेगळे करणे पावसाला जमले नाही. ते कारखान्यात होते, आणि त्याचेही कारण सारणीतील स्थानात आहे. ॲल्युमिनियमच्या डावीकडे मॅग्नेशियम हा स्पष्ट धातू व उजवीकडे सिलिकॉन हा धातू-अधातूंच्या सीमेवरचा पदार्थ आहे. दोघांच्या मध्ये असल्याने ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उभयधर्मी आहे. ते आम्लात विरघळते, तसे अल्कलीतही विरघळते. गृहिणींना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘जर्मन’च्या पातेल्यात कोकमाचे सार ठेवू नये, आणि ते धुण्याच्या सोड्याने घासू नये, या दोन्ही सूचना एकाच गुणधर्मातून आल्या. कारखान्यात दळलेले बॉक्साइट कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात घालतात. ॲल्युमिनियमचा अंश विरघळतो, लोहाचा अंश लाल चिखल होऊन खाली बसतो. मिळालेल्या ॲल्युमिनावर विद्युत अपघटनाची क्रिया केली की धातू सुटा होतो. ही शेवटची कृती १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी परस्परांस न कळत शोधली; योगायोग असा की दोघांचेही जन्मवर्ष १८६३ आणि मृत्युवर्ष १९१४.

सारणीचा कर्ता मेंडेलीव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८६९ साली ती मांडताना काही घरे मोकळी ठेवली. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घरातील अज्ञात धातूला त्याने ‘एक-ॲल्युमिनियम’ असे नाव दिले. यातील ‘एक’ हा आपला संस्कृतातलाच शब्द. त्या धातूची घनता ५.९ च्या आसपास असेल, असे त्याचे भाकीत होते. १८७५ साली बॉइसबॉड्रन या फ्रेंच संशोधकाने गॅलियम शोधले, परंतु त्याची घनता ४.७ भरली. नमुना पुन्हा शुद्ध करून मोजावा, असे मेंडेलीव्हने सुचविले. शुद्ध नमुना ५.९ भरला. ज्याने तो धातू पाहिलाही नव्हता, त्याचा आकडा खरा ठरला. आज जगातील गॅलियमचा मोठा भाग बॉक्साइटवर प्रक्रिया करतानाच मिळविला जातो.

या प्रसंगातून मापनाचे महत्त्व स्पष्ट होते. आपल्याकडे पायली, अधोली, शेर ही मापे होती व गावोगाव त्यांत फरक असे. १९५६ साली वजने व मापे यांचे प्रमाणीकरण करणारा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत दशमान पद्धत रूढ झाली. (त्याच १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुराकडे आला.) पायली आकारमान मोजते, तराजू वस्तुमान मोजतो आणि दोहोंचा भागाकार म्हणजे घनता. शाळेत ती सहज काढता येते. ॲल्युमिनियमचा २७० ग्रॅमचा तुकडा काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडल्यास १०० घनसेंटिमीटर पाणी सांडते. तितक्याच वजनाचे लोखंड जेमतेम ३४ घनसेंटिमीटर सांडते.

आता हिशेबाकडे वळता येईल. ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजनचा अणू दोन घेतो. देणेघेणे जुळण्यासाठी दोन ॲल्युमिनियमना तीन ऑक्सिजन लागतात. अणुवस्तुमाने अनुक्रमे २६.९८ आणि १६.०० धरली असता ॲल्युमिनाचे एकूण १०१.९६ भाग, त्यात धातूचे ५३.९६ भाग, म्हणजेच ०.५२९.

१ सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेल्या दरानुसार, धातू काढण्यासाठी पाठविलेल्या बॉक्साइटवरील स्वामित्वधन लंडन धातू बाजारातील ॲल्युमिनियमच्या किमतीच्या ०.६० टक्के, आणि तेही खनिजात सामावलेल्या धातूवर आकारण्याचे ठरले. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र बहुधा ॲल्युमिनाची टक्केवारी देतो. उदाहरणादाखल, १०० टन कोरड्या खनिजात ४५ टक्के ॲल्युमिना असेल तर त्यातील धातू ४५ टन नसून २३.८ टन होय. दोन शब्दांतील थोड्याशा साम्यामुळे आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो.

दुसरी काळजी पाण्याची. चंदगडच्या हवेत खनिज ओले असणे स्वाभाविक आहे. काट्यावर भरलेल्या १०० टनांत ८ टन ओल असेल, तर कोरडे खनिज ९२ टन, ॲल्युमिना ४१.४ टन व धातू २१.९ टन. ही ओल मिश्रणातील पाणी असून १०५ अंशांच्या भट्टीत निघून जाते. बॉक्साइटमधील हायड्रॉक्साइडच्या रेणूत बांधलेले पाणी, जे वजनाने शेकडा ३४.६ इतके असते, ते त्या उष्णतेला हलत नाही. त्यासाठी तापमान बरेच वाढवावे लागते. म्हणून अहवालात टक्केवारी ओल्या नमुन्याची की वाळविलेल्या, हे पाहिल्याशिवाय पुढील गुणाकार करू नये.

२०१५ साली खाण कायद्यात झालेल्या सुधारणेने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद केली. त्यात भरावयाची रक्कम स्वामित्वधनाच्या प्रमाणात, एक तृतीयांशाहून अधिक नाही अशी ठरते व ती खाणबाधित गावांच्या हितासाठी खर्चावयाची असते. ग्रामसभेपुढे खाणीची आकडेवारी येईल तेव्हा सदस्यांनी टन, ओल, ॲल्युमिनाचे प्रमाण आणि धातूचे प्रमाण हे चार आकडे वेगवेगळे मागावेत. शेवटचा आकडा तिसऱ्याच्या ०.५२९ पट आहे की नाही, हे गावातील माध्यमिक शाळेचा विद्यार्थीही फळ्यावर ताडून पाहू शकेल.