‘प्रार्थनेत आहे’ असं टाईप करण्याआधी

आजचा शास्त्रभाग : कलस्सैकरांस पत्र ४:१२-१३ (सोबत १:७ आणि फिलेमोन २३ हीसुद्धा वाचा)



आज वाचायला दोनच वचनं आहेत. तीही पत्राच्या अगदी शेवटी, जिथे अमक्याचा सलाम, तमक्याचा सलाम सुरू झाला की आपण भराभर स्क्रोल करतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. ॲपमध्ये त्या दिवसाच्या वाचनावर टिक पडली की झालं. गेल्या वर्षी मात्र या दोन वचनांनी मला धरून ठेवलं. का, ते सांगायचं तर आधी माझी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. संघातला एक मित्र नोकरीसाठी जर्मनीला गेलेला. एका सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला : आईला आयसीयूत हलवलंय, मी तिकीट बघतोय, प्लीज प्रार्थना करा. मी हिंजवडीच्या बसमध्ये उभा होतो. ‘प्रार्थनेत आहे भाऊ’ लिहिलं, हात जोडलेला इमोजी टाकला आणि पुढच्याच मिनिटाला ऑफिसचं चॅट उघडलं. त्या दिवशी रिलीज होतं. रात्री दीडला घरी येऊन झोपलो. प्रार्थना केलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तो पोहोचला तेव्हा काकू शुद्धीवर नव्हत्या. आठवड्याभरात त्या प्रभूकडे गेल्या. दफनविधीनंतर चर्चच्या आवारात सगळे चहा घेत उभे होते, तेव्हा त्याने माझा हात धरला. म्हणाला, “एअरपोर्टवर सहा तास बसून होतो रे. तुझा मेसेज परत परत वाचत होतो. कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करतंय, एवढाच आधार होता.”

मी म्हणालो, “हो रे.”

आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर टिकेट स्वतःच्या नावावर घेतलं, ‘इन प्रोग्रेस’ केलं आणि उघडून बघितलंच नाही. वर त्याबद्दल आभारही स्वीकारले.

आता एपफ्रासकडे येऊ. हा कलस्सै गावचाच माणूस. पौल तिथे स्वतः गेला नव्हता. कलस्सैकरांना सुवार्ता कळली ती एपफ्रासकडून (१:७). पत्र लिहिलं जातंय तेव्हा पौल कैदेत आहे आणि एपफ्रास घरापासून दूर, त्याच्याजवळ आहे. फिलेमोनाच्या पत्रात तर पौल त्याला आपला सोबतीचा बंदिवान म्हणतो. पत्र घेऊन तुखिक निघालाय, बरोबर अनेसिम आहे. एपफ्रास मात्र मागेच राहतोय. आपल्या लोकांना भेटू शकत नाही, शिकवू शकत नाही, तिथे शिरलेल्या चुकीच्या शिकवणीबद्दल समोर बसून चार गोष्टी समजावू शकत नाही. उरलं काय, तर प्रार्थना.

ती तो कशी करतो हे सांगायला पौलाने जो ग्रीक शब्द वापरलाय, तो ‘अगोनिझोमाय’. हा आखाड्यातला, स्पर्धेतला शब्द आहे. १ करिंथ ९:२५ मध्ये बक्षिसासाठी झटणाऱ्या खेळाडूबद्दल बोलताना पौल हाच शब्द घेतो. गेथशेमाने बागेत येशूच्या जिवाची जी तगमग झाली, तिच्यासाठी लूकने वापरलेला शब्दही याच कुळातला (लूक २२:४४). म्हणजे एपफ्रास कोपऱ्यात शांत बसून नावं वाचत नव्हता. घाम फुटेल अशी ती प्रार्थना होती.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. हे सगळं सांगतोय कोण? पौल. एपफ्रासच्या नावाने पत्रात फक्त सलाम आहे. ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय’ असा त्याचा स्वतःचा निरोप नाही. त्याच्याजवळ असलेल्या माणसाने ते पाहिलं, ऐकलं आणि पुढच्या वचनात साक्षीदारासारखं लिहून दिलं की हा माणूस तुमच्यासाठी खूप श्रम घेतोय. कलस्सैच्या सभेत हे पत्र मोठ्याने वाचलं गेलं असेल, तेव्हा आपल्या माणसाबद्दल ही गोष्ट त्यांना कदाचित पहिल्यांदाच कळली असेल. आणि मी? मी निरोप पाठवला होता आणि प्रार्थना केली नव्हती. बरोबर उलटं.

दुसरी गोष्ट, तो मागत काय होता? कलस्सैच्या लोकांना अडचणी नव्हत्या असं नाही. पण एपफ्रासचं मागणं हे की ते खंबीर उभे राहावेत, प्रौढ व्हावेत, देवाच्या इच्छेविषयी त्यांच्या मनात पक्की खात्री असावी. आमच्या ग्रुपवरच्या विनंत्या बघा : व्हिसा, इंटरव्ह्यू, रिपोर्ट, होम लोन. हे मागू नये असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः व्हिसासाठी तीन-तीनदा विनंती टाकलेली आहे. पण व्हिसा मिळाल्यावर तो माणूस तिकडे विश्वासात उभा राहिला का, हे आपण कधी विचारतो? पेत्राबाबत येशूनेही हेच मागितलं होतं (लूक २२:३१-३२). त्या रात्री पेत्र नाकारणार हे प्रभूला माहीत होतं, आणि त्याने नाकारलंही. येशूने मागितलं ते त्याचा विश्वास ढळू नये म्हणून, तो परत फिरल्यावर भावांना आधार देणारा व्हावा म्हणून.

आता एक अवघड जागा आहे, ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तेराव्या वचनात एपफ्रासच्या श्रमांत कलस्सैबरोबर आणखी दोन गावं आहेत, लावदिकीया आणि हेरापली. तिन्ही आजच्या तुर्कस्तानात, एकाच खोऱ्यात. (पामुक्कलेच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर पाहिले असतील ना? हेरापली तिथलीच.) यातलं लावदिकीया पुढे प्रकटीकरण ३ मध्ये परत भेटतं. कसं? कोमट मंडळी म्हणून. सात मंडळ्यांमध्ये सगळ्यात कडक शब्द तिच्या वाट्याला आले.

म्हणजे ज्यांच्यासाठी एपफ्रास झुंजला, ते कोमट झाले. मग त्याची प्रार्थना फुकट गेली का? काकूंच्या बाबतीत मलाही हा प्रश्न पडलाय, जरा वेगळ्या रीतीने : मी प्रार्थना केली असती तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण प्रकटीकरणाचा तो अध्याय पुढे वाचला तर दिसतं की दारात उभं राहून ठोठावणारा येशू भेटतो तो याच लावदिकीयाच्या पत्रात. इतकं सुनावल्यानंतरही तो दारातच आहे. एपफ्रास ज्या लोकांसाठी रडला असेल, त्यांना प्रभूने सोडलं नव्हतं. मला तेवढं पुरतं.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगतो. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने जाताना केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला प्रार्थनेचा एक गट सुरू केला. सुमारे ७० जणी रोज सकाळी जमायच्या आणि भारतातल्या ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या परिवर्तनासाठी प्रार्थना करायच्या, त्यात स्वतःलाही धरून. त्याच वर्षाच्या मध्यावर तिथे मोठं संजीवन झालं, त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला मात्र आधीचे ते सहा महिने जास्त ओढतात. रोज सकाळी उठायचं, आणि दिसत तर काहीच नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी सुरुवातीला साठ नावांची एक्सेल शीट केली होती, रंगबिरंगी. तिसऱ्या दिवशी बंद पडली. आता पाच नावं आहेत, पाकिटातल्या चिठ्ठीवर, आणि बसमधली वीस मिनिटं. ग्रुपवर विनंती आली की आधी तिथेच, डोळे उघडे ठेवून का होईना, प्रार्थना करतो आणि मग टाईप करतो. कधीकधी टाईप करायचं राहूनच जातं, ते चालतं. जमलं तर त्या माणसाला फोन करून विचारतो, नेमकं काय मागू? या प्रश्नावर लोक थबकतात. मग खरं काय ते बोलतात.

शेवटी मित्राला मी सांगितलं, जवळजवळ आठ महिन्यांनी, व्हिडिओ कॉलवर. त्या दिवशी मी प्रार्थना केली नव्हती, खोटं बोललो, माफ कर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला, “ठीक आहे. मग आता कर. बाबा घरी एकटे आहेत.”

चिठ्ठीवर पहिलं नाव आता काकांचं आहे. गेल्या महिन्यात त्यांना भेटून आलो. रात्री तीनला जाग येते म्हणाले, मग सकाळपर्यंत खुर्चीत बसून राहतात. आज माझ्याबरोबर त्यांच्यासाठी प्रार्थना कराल? आणि मग तुमच्या ग्रुपवर ज्या कुणाची विनंती हात जोडून तशीच राहून गेली असेल, त्याचंही नाव घ्या.

प्रभू येशू, तू आमच्यासाठी पित्याजवळ मध्यस्थी करत आहेस, म्हणून आम्ही काकांना तुझ्यापुढे आणतो. आज रात्री त्यांना झोप दे. तीनला जाग आलीच तर त्या खुर्चीजवळ तू अस. त्यांचा विश्वास ढळू देऊ नकोस. त्यांच्या मुलाला परदेशात सांभाळ. आणि उद्या सकाळी बसमध्ये मला मोबाईल खिशात ठेवायला मदत कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.