आरोग्य पाठ : इन्सुलिनचा डोस, घरात काय ठरवायचं आणि काय नाही



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, वसुली उरकली की हल्ली एक विषय हमखास निघतो, "आमच्या घरी शुगर निघाली." गोळ्यांनी भागलं नाही की डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात आणि सुई टोचायचं काम बहुतेक घरात बाईच्याच हाती येतं. म्हणून हा पाठ नीट वाचा. ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा.

इन्सुलिनची भीती नको

"एकदा सुई लागली की माणूस गेलाच," असं म्हणतात. ते खरं नाही. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं. त्याआधी अशी मुलं वाचतच नसत. इन्सुलिन जीव वाचवतं. मात्र डोस चुकला तर तेच जिवावर येतं.

बाटली आणि सिरिंजची जोडी

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या (एका मिलीत ४०) मिळतात. काही १०० च्याही असतात. पेनमधलं इन्सुलिन बहुधा १०० चं असतं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचं नारिंगी असतं. पण रंगावर न जाता आकडा वाचा. बाटलीवर जो आकडा, तोच सिरिंजवर पाहिजे.

जोडी चुकली तर काय होतं ते बघा. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले.
- बाटली १०० ची, सिरिंज ४० ची : २० च्या रेषेपर्यंत भरलं तर पोटात जातात ५० युनिट. अडीच पट!
- बाटली ४० ची, सिरिंज १०० ची : २० च्या रेषेवर जातात फक्त ८ युनिट.

मेडिकलमधून घेतानाच दोन्ही आकडे जुळवून घ्या. पेनच्या नळीतून सिरिंजने इन्सुलिन कधीच काढू नका.

साखर वाढली म्हणून डोस वाढवायचा का?

नाही. आधी कारण शोधा.
- इन्सुलिन उन्हात, गाडीच्या डिकीत तापलं होतं का?
- रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली आहे का? गाठीत टोचलेलं नीट लागू पडत नाही. पोट, मांडी अशी जागा बदलत राहा.
- ताप, जखम, लघवीची जळजळ आहे का?
- एखादा डोस राहिला होता का?

वहीत तारीख, वेळ, साखर, डोस आणि जेवण लिहा. तीन-चार दिवसांची वही डॉक्टरांना दाखवा. किती युनिट वाढवायचे ते त्यांनीच सांगायचं. राहिलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून देऊ नका. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनानेच बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

मांजरालाही मधुमेह होतो आणि त्यालाही घरी इन्सुलिन देतात. तिथेही जनावरांचे डॉक्टर हेच बजावतात, अंदाजाने डोस वाढवू नका. मग माणसाच्या बाबतीत अंदाज कशाला?

साखर उतरली तर

हे सगळ्यात धोक्याचं. हळद काढणीला किंवा कापूस वेचायला दिवसभर रानात राबलं, एकादशीला उपास धरला, जेवण लांबलं, आणि डोस मात्र रोजचाच दिला की साखर घसरते. म्हणून उपासाआधी आणि सुगीच्या कामाआधी डोस विचारून घ्या.

खुणा : दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, बरळणं. मशीनवर ७० पेक्षा कमी.

उपाय : तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उतरलेलीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की भाकरी, भात असं काही खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

रानात जाताना पदराला साखरेची पुडी बांधलेली असू द्या.

फ्रीज नाही, लाईट नाही

न फोडलेली बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डब्यात घाला. मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरा, डबा आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. हे मडकं सावलीत, वारा लागेल तिथे असावं. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळू रोज भिजवा. बाटली फोडल्याची तारीख वर लिहा. साधारण २८ दिवसांनी ती टाकून द्या. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर वापरू नका.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा आणि उपकेंद्रात द्या. उकिरड्यावर टाकू नका.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. गटात कुणाच्या घरी इन्सुलिन चालू आहे ते विचारा.
२. त्यांनी बाटली आणि सिरिंज आणावी. सगळ्या मिळून आकडे वाचा.
३. साखर उतरल्याच्या पाच खुणा प्रत्येकीने न बघता सांगाव्यात.
४. आशाताईंना बोलवा आणि तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होते ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पैशाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. युनिटचाही तसाच ठेवू.