सायकलीची निगा

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या लोकांनी पाण्यासाठी पाटही खणला होता. पाट म्हटला की गाळ काढणे आलेच. आळस केला तर पाणी अडते. मनुष्याने निर्माण केलेल्या प्रत्येक वस्तूला हाच नियम लागू आहे. सायकलही त्याला अपवाद नाही.

अशा गावांतील वाटांवर उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि बारा महिने बाभळीचे काटे. हवा भरलेल्या टायरचे पेटंट डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली घेतले. त्यामुळे सायकलीचे हादरे कमी झाले. पण काट्याची भीती मात्र तेव्हापासून तिच्या मागे लागली!

पंक्चर काढणे अवघड नाही. प्रथम सायकल उलटी उभी करावी. उरलेली हवा सोडून टायरची एक कड रिमबाहेर काढावी व ट्यूब हलकेच ओढून घ्यावी. तिच्यात थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवावी. जेथून बुडबुडे येतील तेथे छिद्र आहे असे समजावे. ती जागा कोरडी करून काचकागदाने घासावी व सोल्युशनचा पातळ थर द्यावा. तो किंचित सुकल्यावरच ठिगळ दाबून बसवावे. येथे उतावीळपणा केल्यास ठिगळ टिकत नाही.

ट्यूब परत घालण्याची घाई मात्र करू नये. टायरच्या आतील बाजूस जपून बोटे फिरवून काटा शोधावा. तो आतच राहिला, तर सारे श्रम वाया जातात आणि शाळेच्या वाटेवर सायकल पुन्हा बसते. दुखण्याचे मूळ काढल्यावाचून केलेला उपचार व्यर्थच होय.

साखळीवरील चिखल फडक्याने पुसून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे तेल टिपून घ्यावे. जास्त तेलाला धूळ चिकटते आणि साखळी लवकर झिजते. हे काम करताना फिरत्या चाकाजवळ व साखळीत बोटे नेऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेक. त्याचे रबर रिमवरच टेकले पाहिजे, टायरवर नव्हे. रिमला किंवा रबराला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तेलकट ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाकांच्या चाक्या घट्ट आहेत की नाहीत हे तपासावे. सांगाडा तडकला किंवा रिम वाकडी झाली, तर मात्र कारागिराकडेच जावे. आपल्या कौशल्याची मर्यादा ओळखणे हाही शहाणपणाच आहे.

पुणे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आज तेथे मोटारींची गर्दी झाली आहे. परंतु खेड्यापाड्यांतील कित्येक मुलामुलींना शाळेपर्यंत नेणारी सायकलच असते. आठवड्यातून अर्धा तास तिच्यासाठी दिला, तर ती वर्षानुवर्षे इमानाने सेवा करते. तेलाने माखलेले हात साबणाने स्वच्छ होतात. पण त्या हातांना लाभलेले कसब जन्मभर सोबत राहते.