घटक ४ : लघुचित्रफितीचे संहितालेखन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• लघुचित्रफितीच्या संहितेचे स्वरूप सांगता येईल.
• कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची मदत कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हे ठरविता येईल.
• यंत्राने दिलेल्या मराठी मसुद्याचे तथ्य, भाषा आणि दृश्य या तीन अंगांनी परीक्षण करता येईल.
• आपल्या परिसरातील विषयावर साठ सेकंदांची निर्दोष संहिता लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकांत आपण आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी करावयाच्या लेखनाचा विचार केला. या घटकात आपण त्याच परंपरेतील सर्वांत आखूड प्रकाराकडे वळणार आहोत. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर जुलैमध्ये इन्स्टाग्रामने ‘रील्स’ आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ ही सोय भारतात सुरू केली. आज मोबाइलच्या उभ्या चौकटीत पाहिली जाणारी ही लघुचित्रफीत शेतीचा सल्ला, दुकानाची जाहिरात, कीर्तन आणि स्थानिक इतिहास अशा सर्व विषयांना व्यापून राहिली आहे.

आता संहिता लिहिणारी, आवाज देणारी, चित्रे काढणारी आणि उपशीर्षके जोडणारी यंत्रसाधनेही हाताशी आली आहेत. एक वाक्य लिहून सूचना दिली की काही मिनिटांत चित्रफीत तयार होते. मग मराठीचा अभ्यास केलेल्या व्यक्तीचे येथे काम काय, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या घटकात आपण वाशिम जिल्ह्यातील एक विषय घेऊन त्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ साठ सेकंदांची संहिता

मराठीत सावकाश आणि स्पष्ट बोलल्यास एका मिनिटात साधारणतः शंभर ते सव्वाशे शब्द बसतात. वहीचे एक पानही भरत नाही एवढा हा मजकूर असतो. म्हणून लघुचित्रफितीत एकच मुद्दा मांडावा लागतो. पहिल्या वाक्यात विषय कळला पाहिजे, मधल्या भागात दोन-तीन ठोस गोष्टी आल्या पाहिजेत आणि शेवटच्या वाक्याने तो मुद्दा श्रोत्याच्या मनात ठेवला पाहिजे. वाक्ये कानासाठी असतात, त्यामुळे ती लहान ठेवावीत. लेखी मराठीतील ‘त्याचे नाव’ येथे ‘त्याचं नाव’ होते. सनावळीचे आकडे अक्षरांत लिहावेत. अन्यथा यंत्राचा आवाज ते इंग्रजीत वाचू शकतो किंवा सुटे अंक उच्चारतो.

४.२.२ यंत्र मजकूर कसा तयार करते?

चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी साधने भाषेच्या प्रतिमानावर चालतात. अफाट मजकुरातून शिकलेल्या ठशांच्या आधारे, आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याचा संभव अधिक आहे याचा अंदाज घेत ती पुढचा मजकूर रचतात. काही साधने महाजालावर शोधही घेतात. पण तेथे जे सापडेल त्याच्याच दर्जावर उत्तराचा दर्जा अवलंबून राहतो. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेथे हा अंदाज बहुधा बरोबर येतो. जिल्ह्याच्या इतिहासासारख्या विषयावर मराठीत उपलब्ध असलेला मजकूर थोडा असतो. तेथे यंत्र थांबत नाही. जवळपासच्या प्रसिद्ध गोष्टी उचलून मोकळी जागा भरते. भाषा मात्र तितकीच ठाम आणि ओघवती राहते. चूक ओळखणे अवघड होते ते यामुळेच.

४.२.३ एका मसुद्याचे परीक्षण

‘वाशिमच्या प्राचीन इतिहासावर लघुचित्रफितीची संहिता लिहा’ अशा सूचनेला मिळू शकेल असा एक मसुदा पुढे दिला आहे. तो अभ्यासासाठी मुद्दाम तयार केलेला नमुना आहे. पुढचे विवेचन वाचण्यापूर्वी त्यातील चुका स्वतः शोधा.

‘नमस्कार मित्रांनो! वाशिम एकेकाळी संपूर्ण वाकाटक साम्राज्याची राजधानी होती. येथील महान राजा सर्वसेन याने सेतुबंध हे जगप्रसिद्ध संस्कृत महाकाव्य लिहिले. त्याच्याच काळात अजिंठ्याची सर्व लेणी खोदली गेली. चला तर मग, या अद्भुत इतिहासात खोलवर डुबकी मारूया!’

हा मसुदा ऐकायला सफाईदार आहे. आता एकेक विधान तपासू.

पहिले विधान. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. ते वाकाटकांच्या एका शाखेचे राजधानीचे ठिकाण होते. दुसऱ्या मुख्य शाखेची राजधानी रामटेकजवळील नंदिवर्धन येथे होती. ‘संपूर्ण साम्राज्याची’ या शब्दांनी ही दोन घरे एक करून टाकली आहेत.

दुसरे विधान. सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र आणि वत्सगुल्म शाखेचा संस्थापक. त्याने रचलेल्या काव्याचे नाव ‘हरिविजय’ आणि त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत. ‘सेतुबंध’ हे काव्य परंपरेने दुसऱ्या प्रवरसेनाचे मानले जाते. तो नंदिवर्धन शाखेचा राजा. शिवाय तेही प्राकृतातच आहे. म्हणजे एका वाक्यात कवी, काव्य आणि भाषा यांची सरमिसळ झाली. येथील भाषेची चूक आपल्यासाठी विशेष गंभीर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामागील प्रतिपादनात महाराष्ट्री प्राकृताशी असलेल्या मराठीच्या नात्याला महत्त्वाचे स्थान आहे. ‘प्राकृत’च्या जागी ‘संस्कृत’ हा शब्द आला की वाशिमच्या इतिहासातील मराठीच्या अभ्यासकाचा वाटाच निघून जातो.

तिसरे विधान. अजिंठ्याची काही लेणी वाकाटकांच्या कित्येक शतके आधीची आहेत. वाकाटककालीन लेण्यांचा संबंध मुख्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हरिषेण राजाच्या काळाशी येतो. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा असला, तरी सर्वसेनानंतर अनेक पिढ्यांनी झाला. सोळाव्या लेण्यातील लेख हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा आहे.

चौथे वाक्य. ‘इतिहासात खोलवर डुबकी मारणे’ ही मराठीची बोलण्याची रीत नव्हे. अनेक यंत्रांचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झालेले असल्याने इंग्रजी वळणाचे वाक्य मराठी शब्द लेवून येते. ‘महान’, ‘जगप्रसिद्ध’, ‘अद्भुत’ ही विशेषणेही काढून पाहा. माहितीत काहीच उणे होत नाही.

४.२.४ दुरुस्त केलेली संहिता

‘वाशिम. या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी ही राजधानी होती, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची. शाखेचा संस्थापक सर्वसेन. तो राजा होता आणि कवीही. त्याच्या काव्याचं नाव हरिविजय, भाषा महाराष्ट्री प्राकृत. श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती ही कथा. हे काव्य आज उपलब्ध नाही. पुढच्या पंडितांनी कवीचं आणि काव्याचं नाव लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. एकोणीसशे एकोणचाळीस साली वाशिमला एक ताम्रपट मिळाला. तो सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा. त्यात वंशाची माहिती संस्कृतात आहे, दानाचा तपशील मात्र प्राकृतात. राजशेखर नावाच्या पंडितानं तर काव्यपुरुषाचं लग्न वत्सगुल्मातच लावून दिलं. ज्या गावात काव्याचं लग्न लागलं, ते गाव बसच्या पाटीवर आपण रोज वाचतो.’

या संहितेत विशेषणे जवळजवळ नाहीत. शेवटच्या वाक्याला आधार आहे तो राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचा. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा येते. ती रूपककथा आहे, म्हणून संहितेत ‘पंडितानं लग्न लावून दिलं’ असे म्हटले आहे; ‘लग्न झालं’ असे म्हटलेले नाही. वाशिमचे नाव वत्स ऋषींशी जोडणारी कथाही याच पद्धतीने, ‘परंपरा असं सांगते’ एवढे म्हणून सांगावी.

४.२.५ आवाज आणि उपशीर्षके

यंत्राचा आवाज निवडल्यानंतर तो पूर्ण ऐका. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ किंवा दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा करणारा ‘जग’ हे शब्द म्हणून पाहा, म्हणजे फरक कळेल. लिपी हा फरक दाखवत नाही, त्यामुळे यंत्र चुकू शकते. वऱ्हाडी संवाद असेल तर अधिक दक्षता हवी. वऱ्हाडीत ‘डोळा’ पुष्कळदा ‘डोया’ होतो. हे केवळ अक्षर बदलून साधत नाही, त्याला बोलीचा हेलही लागतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. तेथील विषय गोरबोलीत मांडायचा असेल, तर ती बोलणाऱ्या व्यक्तीकडूनच शब्द आणि आवाज घ्यावा. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांतून भारतीय भाषांची साधने विकसित होत आहेत, परंतु बोली जाणणाऱ्या कानाची गरज त्यांमुळे संपत नाही.

उपशीर्षके यंत्राने तयार केली तरी प्रत्येक ओळ वाचावी. ‘सर्वसेन’चे ‘सर्व सेना’ झाले, तर राजाचे सैन्य होते आणि अर्थ बुडतो.

४.२.६ दृश्यांचे सत्य

सर्वसेनाचे समकालीन चित्र आपल्याला उपलब्ध नाही. यंत्राला ते काढण्यास सांगितले, तर ते नंतरच्या काळातील फेटा, चिलखत आणि बुरूज देण्याचा संभव असतो. असे चित्र वापरायचेच असेल तर त्यावर ‘काल्पनिक चित्र’ असे लिहावे. स्वतः घेतलेली छायाचित्रे अधिक बरी. मात्र तीही योग्य वाक्यासोबत हवीत. वाशिमचे बालाजी मंदिर अठराव्या शतकातील आहे. वाकाटकांविषयीच्या वाक्यामागे ते दाखविले, तर शब्द खरे असूनही चित्रफीत खोटे सांगते.

यूट्यूबने मार्च २०२४ पासून, खऱ्यासारखे भासणारे कृत्रिम दृश्य किंवा आवाज वापरल्यास ते जाहीर करणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झालेल्या दुरुस्तीनेही अशा सामग्रीवर ठळक खूण असण्याची अपेक्षा ठेवली आहे. कोणाचाही चेहरा किंवा आवाज त्याच्या संमतीविना यंत्राद्वारे तयार करू नये. गावातील वृद्ध कीर्तनकाराचा आवाज ही त्यांची आयुष्यभराची कमाई असते.

४.२.७ संहिताकाराची जबाबदारी

ताम्रपट मिळण्यापूर्वीही अजिंठ्याचा लेख अभ्यासकांपुढे होताच; पण झिजलेल्या अक्षरांतील काही नावे चुकीची वाचली गेली होती आणि वत्सगुल्म शाखेचे वेगळेपण स्पष्ट नव्हते. ताम्रपटाच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वाचन दुरुस्त केले. पुनःपुन्हा सांगितली गेलेली माहिती एका अस्सल पुराव्यापुढे बदलली. यंत्राची ओढ नेमकी उलट असते : जे अधिक वेळा लिहिले गेले, तेच त्याला अधिक संभवनीय वाटते. आज हजारो लोकांनी पाहिलेली चुकीची चित्रफीत उद्या यंत्राच्या शिक्षणाचा मजकूर होऊ शकते. मोठ्या शहरांच्या बाबतीत अशी चूक इतर लेखनाच्या गर्दीत झाकली जाते. वाशिमसारख्या जिल्ह्याविषयी ती एकमेव माहिती ठरू शकते.

‘हरिविजय’चे उदाहरण येथे लक्षात ठेवावे. आनंदवर्धन आणि हेमचंद्र यांसारख्या ग्रंथकारांनी कवीच्या व काव्याच्या नावासह उल्लेख केला, म्हणून मूळ ग्रंथ लुप्त होऊनही सर्वसेनाचे कवित्व टिकले. चित्रफितीखालील वर्णनात ‘माहितीचा आधार’ म्हणून ग्रंथाचे व लेखकाचे नाव देणे, हे त्याच परंपरेचे पालन आहे. त्याला एक ओळ पुरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘हरिविजय’ या काव्याची भाषा कोणती?
२. संहितेत सनावळी अक्षरांत का लिहावी?
३. वाशिमच्या ताम्रपटात कोणत्या दोन भाषा आढळतात?

आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. यंत्राची भाषा ओघवती असेल तर तिच्यातील माहिती खरी असते.
२. खरे छायाचित्रही चुकीच्या वाक्यासोबत दिशाभूल करू शकते.

उत्तरे : अ) १. महाराष्ट्री प्राकृत. २. यंत्राच्या आवाजाने आकडे मराठीत व बरोबर वाचावेत म्हणून. ३. संस्कृत आणि प्राकृत. आ) १. अयोग्य. २. योग्य.

४.३ सारांश

लघुचित्रफितीची संहिता एकाच मुद्द्याभोवती, बोलक्या आणि आटोपशीर मराठीत लिहावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पहिला मसुदा, आवाज, उपशीर्षके आणि जुळवाजुळव यांसाठी उपयुक्त आहेत. मात्र ती संभाव्य शब्द देतात. त्यांच्या सत्याची हमी देत नाहीत. म्हणून तथ्य, भाषा आणि दृश्य यांची तपासणी, कृत्रिमतेची नोंद, संमती आणि आधाराचा उल्लेख ही कामे संहिताकाराकडेच राहतात. प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर हेच आहे. चित्रफीत तयार होण्यास आता काही मिनिटे लागतात. तिच्यातील ‘संस्कृत’ खोडून तेथे ‘प्राकृत’ लिहिणारा माणूस तयार होण्यास अभ्यास लागतो.

४.४ स्वाध्याय

१. यंत्राने तयार केलेल्या मराठी मजकुराचे परीक्षण कोणत्या अंगांनी करावे, ते सोदाहरण लिहा.
२. ४.२.३ मधील मसुद्यातील सर्व चुकांचा तक्ता तयार करून प्रत्येकीपुढे दुरुस्ती लिहा.

४.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील मंदिर, बारव, बाजार, पीक किंवा बोली यांपैकी एक विषय निवडा. एखाद्या साधनाकडून संहितेचा मसुदा मिळवा. त्यातील प्रत्येक विधान ग्रंथालयातील पुस्तक आणि गावातील जाणकार व्यक्ती यांच्याकडून पडताळून पाहा. मूळ मसुदा, केलेल्या दुरुस्त्या, त्यांची कारणे आणि अंतिम संहिता अशा चार भागांत अहवाल लिहा. ज्या विधानाला आधार मिळाला नाही, ते संहितेतून वगळा आणि ते का वगळले, याची नोंद अहवालात करा.