अंगणातील पांडव आणि गुंजेचे डोळे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पाना-फुलांवर आणि शेणामातीवर लेख लिहावा, हे आमच्या वर्गबंधूंना जरा विचित्र वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गाणगापुरात आमच्या गल्लीतील अकरा मुलांना हाताशी धरून मी जो उद्योग केला, त्यात जे शिकावयास मिळाले ते जमाखर्चाच्या कोणत्याही प्रकरणात सापडले नसते. ज्यांच्या घरी लहान भावंडे आहेत अशा वाचकांना त्याचा उपयोग व्हावा, निदान माझ्या हातून झालेली एक चूक त्यांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

निमित्त अगदी साधे होते. आमच्या दारावरचे प्लास्टिकचे तोरण उन्हाने पांढरे पडले होते आणि धाकटा भाऊ नवे आणण्यासाठी पैसे मागत होता. गाणगापूर हे दत्तक्षेत्र. पौर्णिमेला, गुरुवारी यात्रेकरूंची दाटी होते, आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या दुकानांतून प्लास्टिकच्या फुलांच्या माळा बारा महिने लोंबत असतात. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली खरी, पण ही फुले आहेत तेथेच आहेत. मी भावाला म्हटले, "या वर्षी विकत काही आणावयाचे नाही. रानात काय काय फुलले आहे ते सांग, त्याचेच तोरण करू." त्याने झेंडू सांगितला आणि तो थांबला. गल्लीतील इतर मुलांनाही विचारून पाहिले. झेंडूच्या पुढे कोणी गेले नाही. सातवीपर्यंत पोचलेल्या मुलांना बांधावरचा तरवड ओळखता येऊ नये याचे मला वाईट वाटले; मग आठवले की दहावीपर्यंत अक्कलकोटला मामांकडे मराठी शाळेत शिकत असताना मलाही तो येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संगमाच्या वाटेने निघालो. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाकडे जाणाऱ्या या वाटेच्या दोन्ही बाजूंस शेते आहेत. आश्विनाच्या अखेरीस या भागात काय मिळते ते सांगते. तरवडाची पिवळी फुले बांधाबांधावर असतात. तुरीच्या आणि कपाशीच्या पाट्यांतून कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे उभे असतात. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतोच, तेव्हा आपण नेले तर त्याला आनंदच. आघाडा कुंपणाला मिळतो. बाजरीची काढणी झालेली असते, म्हणून चार कणसे मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. ज्वारीचे कणीस मात्र या दिवसांत मागू नये. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. दिवाळीला ती नुकती गुडघ्याएवढी होत असते. औदुंबराचे पान आम्ही तोडले नाही. या गावात ते कोणी तोडीत नाही. खाली गळून पडलेली तेवढी वेचली.

मुलांपैकी सहा मराठी घरांतील आणि पाच कन्नड घरांतील. प्रत्येक झाडाला दोन नावे मिळू लागली. तरवडाला आवरिके, आघाड्याला उत्तराणी, रुईला एक्के. कोणाचे नाव 'खरे' यावरून वाटेत एक लहानसे भांडणही झाले. गुरुचरित्र मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर स्वतः कन्नड घरचे होते, हे सांगून मी ते मिटविले. कितपत मिटले कोण जाणे.

तोरणाविषयी फार लिहीत नाही, ते सर्वांना येते. दोनच सूचना करते. आंब्याचे पान जाड आणि तुळतुळीत असते. त्यातील पाणी लवकर उडत नाही, म्हणून ते आठवडाभर टिकते. झेंडू दोन-तीन दिवस, जास्वंद एकच दिवस. म्हणून पाने आधी ओवून ठेवावीत आणि फुले सणाच्या सकाळी. दुसरे असे की, नायलॉनचा दोरा वापरू नये. केळीचे सोपट पाण्यात भिजवून त्याच्या वाद्या काढल्या की उत्तम दोरी होते. लहान मुलांच्या हाती सुई देण्याऐवजी पान मधोमध दुमडून खराट्याच्या काडीने टोचावे. सात वर्षांच्या मुलालाही ते जमते.

कुर्डू मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. बीदर जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणात भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा नावाचा स्त्रियांचा सण चालतो. २०१४ साली ते राज्य झाले तेव्हा त्यास राज्याचा सण म्हणून मान्यता मिळाली. त्यात ताटामध्ये फुलांचे थरावर थर रचून शंकूसारखी रास करतात, आणि तिच्यातील मुख्य फुले कोणती, तर तंगेडु आणि गुनुगु. म्हणजे आपलेच तरवड आणि कुर्डू! गुनुगूचे तुरे तेथे निरनिराळ्या रंगांत बुडवून घेतात. आपल्याकडे ज्याला तण म्हणतात ते शंभर-दीडशे मैलांवर सणाचे फूल आहे, हे समजल्यावर मुलांना कुर्डूविषयी एकदम आदर वाटू लागला.

कुर्डूचे फूल कागदासारखे कोरडे असते, म्हणून ते रंग धरते आणि कोमेजत नाही. आम्ही घरच्याच वस्तू घेतल्या. पातेलेभर गरम पाण्यात दोन चमचे हळद घालून त्यात तुरे अर्धा तास बुडविले की ते लख्ख पिवळे होतात. त्यांतील काही तुरे नंतर चुन्याच्या निवळीत बुडविले, तर डोळ्यांदेखत लालभडक होतात! कुंकू याच युक्तीने होते. चुना अल्कधर्मी, आणि अल्कामध्ये हळदीचा रंग पालटतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. मुले हाच खेळ तासभर खेळत बसली आणि तोरणाचे काम तसेच राहिले. (जास्वंदीच्या पाकळ्यांच्या काढ्यावरही हा प्रयोग करता येतो: लिंबाने लालबुंद, चुन्याने हिरवट.) चुना मात्र मोठ्या माणसानेच कालवावा आणि मुलांना वरची निवळीच द्यावी. डोळ्यात उडाला तर तो डोळ्याला भाजतो.

या रंगांचा दोषही सांगितला पाहिजे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दक्षिणेकडच्या भिंतीवर बांधलेले पिवळे तुरे तिसऱ्या दिवशी फिकट झाले, ओट्याच्या सावलीतले तसेच राहिले. लाल केलेल्या तुऱ्यांचा लालपणाही दुसऱ्या दिवशी उतरू लागला, कारण हवेतील वायूने चुन्याचा अल्कपणा जातो. बीटाच्या पाण्याचा गुलाबी तर संध्याकाळपर्यंत तपकिरी झाला. तेव्हा रंगवावयाचे ते आदल्या दिवशी रंगवावे आणि सावलीत बांधावे.

आता पांडवांकडे वळू. बलिप्रतिपदेला आमच्या भागात उंबऱ्यापाशी आणि अंगणात शेणाचे पांडव मांडतात. त्यांच्या डोक्यावर आघाडा, झेंडू, तरवड खोवतात. सोलापूर-मराठवाड्याकडे याच दिवसांत मुली शेणाच्या गवळणी करतात. अंगणातील ही सजावट मुलांच्या हातचीच, पण हल्ली ती आज्यांच्या हाती राहिली आहे. शेजारच्या अज्जींनी आम्हाला ती दाखविण्याचे कबूल केले. त्यांना कन्नडच येते. माझे काम दुभाष्याचे.

मुलांना शेणाचा कंटाळा, म्हणून काही पांडव नुसत्या मातीचे करू असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटले, दोन्ही करून पाहू. एक पांडव नुसत्या काळ्या मातीचा केला, एक मातीत वाळू घालून, आणि एक अज्जींच्या पद्धतीने: दोन ओंजळी शेण, एक ओंजळ चाळलेली माती आणि मूठभर कडब्याचा चुरा. पहिल्याला रात्रीतून डोक्यापासून पायापर्यंत भेग गेली. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच कारणाने. वाळूचा पांडव भेगाळला नाही, पण त्याचे हात गळून पडले. शेणाचा तसाच उभा राहिला, कारण शेणातील आणि कडब्यातील बारीक तंतू मातीला आतून बांधून ठेवतात. जुन्या घरांच्या भिंतींच्या गिलाव्यात भुसा घालीत तो यासाठीच. ज्या मुलाच्या हाताला जखम असेल त्याला मात्र शेणात हात घालू देऊ नये, धनुर्वाताची भीती असते; आणि काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

पांडव वाळले आणि त्यांना डोळे लावावयाचे ठरले. अज्जींच्या फडताळात एका पितळी डबीत गुंजा होत्या. लाल दाणा आणि त्यावर काळा ठिपका. डोळ्यासाठी याहून सुंदर वस्तू शोधून सापडणार नाही. आषाढातील मंगळवारी कन्नड घरांतून मातीची गुळ्ळव्वा करतात, तिला या गुंजा लावतात. कन्नडमध्ये त्यांना गुलगंजी म्हणतात. मला तर गुंजेचे वेगळेच कौतुक. सोनार तिने सोने तोलीत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. हा हिशेब मोठ्या ऐटीत सांगून मी अज्जींना न विचारताच डबी मुलांमध्ये ठेवली. एवढेच नव्हे, उरलेल्या गुंजांची माळ करावी म्हणून एका मुलीला दाभण देऊन त्यांना भोके पाडावयास सांगितले.

एका मुलीबरोबर तिचा चार वर्षांचा भाऊ आला होता. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. अज्जी पाणी घेऊन बाहेर आल्या, तांब्या तेथेच टाकला आणि धावत जाऊन त्यांनी त्याच्या तोंडात बोट घातले. "उगुळु! उगुळु!" असे त्या ओरडत होत्या. थुंक, थुंक. दोन गुंजा बाहेर आल्या. दोन्ही अखंड होत्या, दोन्ही बिनभोकाच्या. मुलगा रडू लागला, त्याची बहीण रडू लागली. अज्जी माझ्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "तंगी, इदु आटद सामान अल्ल." पोरी, हे खेळायचे सामान नव्हे.

तोवर मला गुंज विषारी असते हे ऐकून माहीत होते, पण म्हातारी माणसे म्हणतात तसे काहीतरी असेल, असे मी धरून चालले होते. सुट्टीनंतर वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारले. गुंजेच्या बीमध्ये ॲब्रिन नावाचे द्रव्य असते. ते पेशींची प्रथिने तयार करण्याची क्रियाच बंद पाडते. बीचे टरफल फार टणक असते, म्हणून अखंड गिळलेली बी पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावलेली, फुटलेली किंवा भोक पाडलेली बी जिवावर बेतू शकते, लहान मुलाला तर एखादीही. त्यावर खास उतारा नाही. लक्षणेही लगेच दिसत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू होतात. म्हणून मूल ठीक दिसते आहे असे म्हणून घरी थांबू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हे ऐकताना मला त्या दाभणाची आठवण होत होती. ज्या टरफलामुळे तो मुलगा सुरक्षित राहिला, त्याच टरफलाला भोके पाडण्याचे काम मी मुलांना नेमून दिले होते. त्याच्या हाती माळेतील गुंज लागली असती तर?

तेव्हापासून मुलांना रानात नेण्यापूर्वी मी आधी काय तोडावयाचे नाही ते सांगते. कण्हेर, तांबडी असो वा पिवळी, सर्वांगाने विषारी. धोतरा तसाच. घाणेरीची फुले रंगीत म्हणून मुले तोडतात, तिची हिरवी फळे तोंडात जाऊ देऊ नयेत. रुईची फुले मारुतीच्या माळेसाठी लागतात, ती मोठ्यांनी तोडावीत. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. आणि गुंज असलेल्या घरी ती मोजून ठेवावी. अज्जींच्या डबीत नेमक्या किती होत्या हे आम्हाला माहीत नव्हते, म्हणून त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सर्वांनी मिळून अंगण झाडले आणि पाच गुंजा आणखी शोधून काढल्या. भोके पाडलेल्या गुंजा अज्जींनी खड्डा करून पुरल्या. मुलाच्या आईला मी स्वतः जाऊन सर्व सांगितले. ती काय म्हणाली ते येथे लिहीत नाही. ते तिने म्हणावयासच हवे होते.

पाडव्याच्या सकाळी आमच्या गल्लीत नऊ दारांसमोर पांडव बसले. डोळे कोळशाचे होते. डोक्यावर पिवळा तरवड, कडेला लाल-पिवळे कुर्डू, उंबऱ्यावर आंब्याची पाने, वळचणीला बाजरीची कणसे. एकूण खर्च हळद, चुना, लिंबे आणि बीट मिळून साठ रुपयांच्या आत. कणसांवर दुपारी चिमण्या आल्या. आमच्या दाराचे अर्धे तोरण शेजारच्या शेळीने खाल्ले. प्लास्टिकचे असते तर तिने ते खाल्ले नसते, असे भाऊ म्हणाला; यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे पांडवांच्या गोवऱ्या झाल्या आणि त्या अज्जींच्या चुलीत गेल्या.

पितळी डबी आता फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर आहे. येत्या आषाढात गुळ्ळव्वा करावयाची आहे. मुलांनी अज्जींशी बोलून ठरविले आहे की, तिचे डोळे करडईच्या पांढऱ्या बियांचे करावयाचे आणि काळा ठिपका कोळशाने द्यावयाचा. करडई आणण्याचे काम त्या चार वर्षांच्या मुलाकडे आहे. तो मला वाटेत भेटला की विचारतो, "अक्का, आषाढ कधी?"