टाळी ऐका, मग ‘वाय’ ओळखा

मराठी शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना मी इंग्रजी वाचायला शिकवते. तक्त्यावर पाच स्वर लाल, उरलेली २१ अक्षरं निळी. मुलं ते घोकतात आणि ‘स्काय’पाशी अडतात. एका मुलीने विचारलं, “बाई, एस, के, वाय तिन्ही निळे. मग यात स्वर कुठाय?” प्रश्न अगदी रास्त होता. घरी तिला उत्तर मिळालं होतं, ‘वाय कधी कधी स्वर असतो, पाठ कर.’ कधी कधी म्हणजे कधी, हे कुणी सांगितलं नाही. मग ती ‘यलो’मधल्या वायलाही स्वर म्हणून गोल करू लागली, आणि पुढे वाय दिसला की तो शब्दच गाळू लागली. पालकांनो, हे होऊ देऊ नका.

स्वर आणि व्यंजन हे मुळात आवाज आहेत. देवनागरीत ‘इ’ आणि ‘य’ यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. इंग्रजीत दोन्ही कामं एकटा वाय करतो. हे आवाज तसे शेजारचेच. ‘प्रति’ला ‘एक’ जोडलं की ‘प्रत्येक’ होतं, कारण पुढे इ-ई सोडून दुसरा स्वर आला की ‘इ’चा ‘य’ होतो. लहान मुलांना संधी सांगायची घाई नको, पण शिकवणाऱ्याला ती आठवत असावी.

मुलांना टाळी पुरते. शब्द मोठ्याने म्हणायचा आणि जितके तुकडे पडतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. प्रत्येक टाळीला एक स्वर लागतोच. ‘यलो’च्या दोन टाळ्या, एक ‘ई’ची, दुसरी ‘ओ’ची. वायच्या वाट्याला टाळी नाही, म्हणजे तो व्यंजन. ‘बेबी’च्याही दोन, पण पहिली ‘ए’ने घेतली, दुसरी वायची, म्हणजे तो स्वर. ‘स्काय’ची एकुलती एक टाळी तर वायशिवाय कुणी घेऊच शकत नाही. त्या मुलीला हे एकदा हाताने कळलं, तेव्हा तिने ‘फ्लाय’ आणि ‘हॅपी’ स्वतःच सोडवले. ‘जिम’सारखे, मध्ये वाय असलेले शब्द जरा उशिरा घ्या.

एक धोका खास आपल्याकडचा. यश, योगिता ही नावं इंग्रजीत लिहून सुरुवात करणं उत्तम, कारण तिथला वाय स्वच्छ ‘य’ आहे. पण अजय, विजय, उदय लगेच आणू नका. त्यांच्या शेवटी आपण ‘य’ म्हणतो, तर ‘प्ले’ आणि ‘डे’मध्ये तीच ‘ए-वाय’ जोडी मिळून एकच स्वर देते. टाळी एक, घेणारे दोघे. नावांच्या सवयीने मुलं ‘प्लय’ वाचतात, आणि त्यावर रागावून काहीच साधत नाही. आधी इंग्रजी शब्द कानावरून भरपूर जाऊ द्या.

पाठांतराच्या तक्त्यातून मुलांना न मिळणारं पुष्कळ काही इथून मिळतं. ‘प्ले’चं ‘प्लेड’ करताना वाय जागेवर राहतो, कारण त्याच्या आधी स्वराचं अक्षर आहे. ‘क्राय’चं ‘क्राइड’ करताना आधी व्यंजन असल्यामुळे वाय जाऊन ‘आय’ येतो. ‘युनिफॉर्म’ लिहिताना पहिलं अक्षर ‘यू’ असलं तरी ऐकू येतो ‘य’, म्हणून त्याआधी ‘अ’ लागतो, ‘ॲन’ नाही. ‘अवर’मधला ‘एच’ ऐकूच येत नाही, म्हणून तिथे ‘ॲन’. ‘काऊ’ आणि ‘नाऊ’मधला डब्ल्यूही याच टाळीने तपासा, तोही ‘ओ’ला साथ देत असतो.