बाकीचे मोल

नागपूरच्या उत्तरेस कोराडी हे गाव आहे. तेथील जगदंबेच्या दर्शनास नवरात्रात दूरदूरचे भाविक येतात. गावाची दुसरी ओळख म्हणजे तेथील औष्णिक वीज केंद्र. या केंद्रात १९८० नंतर २१० मेगावॅटचे, तर २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे वीजसंच सुरू झाले. मुलांनो, या २१० व ६६० या संख्याच आज आपण अभ्यासासाठी घेऊ.

समजा, एक ओसरी ६६० सेंटिमीटर लांब व २१० सेंटिमीटर रुंद आहे. तीवर एकाच मापाच्या चौरस फरश्या बसवावयाच्या आहेत. एकही फरशी फोडावी लागू नये, आणि फरशी शक्य तितकी मोठी असावी. गवंड्याने कोणते माप घ्यावे? लांबी व रुंदी या दोहोंना निःशेष भागणारी मोठ्यात मोठी संख्या हेच ते माप होय. तिला महत्तम साधारण विभाजक, म्हणजेच मसावि, असे म्हणतात.

आता ६६० ला २१० ने भागा. भागाकार ३ येतो व बाकी ३० उरते. ही बाकी टाकून देऊ नका. तिनेच २१० ला भागा. भागाकार ७ येतो. बाकी काहीच उरत नाही. म्हणून मसावि ३०. ओसरीला ३० सेंटिमीटरच्या फरश्या लांबीत २२ व रुंदीत ७, अशा एकूण १५४ लागतील.

असे का होते? जी संख्या ६६० व २१० या दोहोंना भागते, ती २१० च्या तिपटीला, म्हणजे ६३० लाही भागते. मग ६६० व ६३० यांतील अंतर जे ३०, त्यालाही तिने भागलेच पाहिजे. अर्थात ती ३० हून मोठी असू शकत नाही.

ही रीत फार प्राचीन आहे. ग्रीक गणिती युक्लिड याने ती इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सांगितली. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त, कुट्टकाच्या प्रकरणी, परस्परांना भागत जाऊन उरणारी शेवटची बाकी हाच दोन संख्यांचा साधारण विभाजक होय, असे सांगितले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

८५१ व ११४७ यांचे अवयव सहज सापडत नाहीत. पण भागत जा: बाकी २९६, मग २५९, मग ३७, आणि ३७ ने २५९ ला निःशेष भाग जातो. मसावि ३७! आज संगणकावरील संदेश गुप्त राखण्याच्या विद्येतही हीच रीत कामी येते. बाकी लहान असते, परंतु उत्तराची वाट तिच्याकडूनच जाते.

स्वाध्याय

१. बाकी टाकून देऊ नये, असे लेखक का म्हणतात?
२. ३९१ व ५२७ यांचा मसावि वरील रीतीने काढा.
३. ‘निःशेष’ व ‘परस्पर’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.